पहूरला चीगाँग: होतकरू साधकांसाठी सूचना

चीगाँग शिकायला चीनला जायची गरज नाही. जळगावहून अजिंठ्याकडे निघालेल्या एसटीने पहूरला उतरावं. वूदांग पर्वतावरच्या मठात जे मिळतं, त्यातलं धुकं सोडून बाकी सगळं इथे आहे: उभं राहायला जमीन, ओढायला हवा आणि तुम्ही चुकताय हे सांगायला माणसं.

साहित्य फार लागत नाही. एक सैल पायजमा, दोन पाय, एक नाक आणि ‘काय करू राह्यला भो?’ या प्रश्नाला रोज सकाळी तोंड द्यायची तयारी. पायजमा पेठेत मिळेल, कसब्यातही मिळेल. पाय आणि नाक घरून आणावं. चौथी गोष्ट कुठेच विकत मिळत नाही आणि बहुतेक साधक तिच्याच अभावी गळतात.

आधी इतिहास. कारण पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ‘पाच हजार वर्षांची विद्या आहे’ असं सांगणार आणि तुम्हाला मान डोलवावी लागणार. डोलवताना काय ठाऊक असावं? चीनमधल्या छांगशा शहराजवळ मावांगत्वी इथे १९७३ साली एका थडग्यात रेशमावरचं चित्र सापडलं. थडगं इसवी सनपूर्व १६८ मधलं. चित्रात चव्वेचाळीस माणसं हातपाय ताणताना, वाकताना, वळताना दिसतात. म्हणजे व्यायाम जुना आहे, यात वाद नाही. पण या सगळ्या ताणण्या-फुंकण्याला ‘चीगाँग’ या एका नावाखाली आणून सरकारी दवाखान्यात बसवलं ते १९५० च्या दशकात. ल्यू क्वेचन नावाच्या पक्षकार्यकर्त्याला पोटाचा अल्सर होता. गावाकडच्या एका श्वसनपद्धतीने तो बरा झाला असं त्याने सांगितलं, मग आरोग्यधाम निघालं आणि १९५७ साली त्याचं पुस्तक आलं. तेव्हा ही पाच हजार वर्षांची विद्या, निदान तिची पाटी, आपल्या महाराष्ट्र राज्यापेक्षा फार तर दहा-बारा वर्षांनी मोठी. हे शिबिरात बोलू नये. फी परत मिळत नाही.

दुसरा एक गृहस्थ तुम्हाला पारावर भेटेल. तो म्हणेल, ‘हे आपलंच. बोधिधर्मानं नेलं तिकडं.’ त्याच्याशी वाद घालताना जपावं, कारण तो अर्धा चुकीचा आहे आणि अशी माणसं हरत नाहीत. बोधिधर्म या भिक्षूच्या नावावर खपणारा ‘स्नायुपरिवर्तना’चा ग्रंथ १६२४ च्या सुमाराचा आणि कोण्या ताओपंथीयाने रचलेला आहे, असं अभ्यासकांनी दाखवून दिलंय. पण श्वासावर लक्ष ठेवण्याचं बौद्ध शास्त्र मात्र खरंच तिकडे गेलं. दुसऱ्या शतकात आन शिगाव नावाच्या पार्थियन भिक्षूने लोयांगला बसून त्यावरचं सूत्र चिनी भाषेत आणलं. त्याच्या बऱ्याच आधी पहूरपासून पुढच्या डोंगरात अजिंठ्याची पहिली लेणी कोरून झाली होती आणि तिथले भिक्षू श्वास मोजत बसले असणार. तेव्हा श्वास इथूनही गेला असेल, पण त्याचं वाहतूक बिल कोणाकडे नाही. पारावरच्या गृहस्थाला एवढं सांगून चहा पाजावा.

आता जागा. वाघूरचा काठ रम्य आहे, पण तिथे साधकाआधी म्हशी पोचतात. महामार्गाच्या कडेला उभं राहू नये. तिथे दीर्घ श्वास घेतला तर ट्रकमधलं जे शरीरात जातं त्याचा उल्लेख कुठल्याही चिनी ग्रंथात नाही. शाळेचं मैदान चालेल, पण पोलीस भरतीची पोरं पहाटे तिथे धावतात आणि त्यांच्यासमोर हात पसरून स्तब्ध उभ्या राहिलेल्या माणसाला ती वळसा घालत नाहीत, त्याच्याभोवती फेऱ्या मारतात. सगळ्यांत बरी म्हणजे घराची गच्ची. चैत्र-वैशाखात मात्र सूर्य उगवायच्या आत आटपावं. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. त्या उन्हात सकाळी दहा वाजता हाताच्या तळव्यांत जी ऊब जाणवते ती ची, म्हणजे चीगाँगवाल्यांची प्राणऊर्जा, नसते.

उभं राहणं ही पहिली आणि सगळ्यांत अवघड पायरी. बीजिंगमध्ये वांग श्यांगजाय नावाच्या उस्तादाने विसाव्या शतकात ती फार नावारूपाला आणली. पाय खांद्याएवढे फाकवा, गुडघे किंचित सैल, पाठ सरळ, दोन्ही हात छातीपुढे गोल, जणू झाडाला मिठी मारली आहे. असंच उभं राहा. बस. पाच मिनिटं, मग दहा, मग वीस.

पुस्तकात याला ‘खांबासारखं उभं राहणं’ म्हणतात आणि पाय थरथरतील, खांदे दुखतील असा इशारा देतात. पुस्तक लिहिणाऱ्याने पहूर पाहिलेलं नाही. इथे पाय थरथरायच्या आतच शेजारची गच्ची जागी होते. ‘अप्पा, कंबर धरली का?’ उत्तर देऊ नये, श्वास मोडतो. उत्तर दिलं नाही की पुढचा प्रश्न तुम्हाला नसतो, तुमच्या घरच्यांना असतो. ‘वहिनी, यायले काय झालं वं? हात आखडले?’ दोन दिवसांत गावाचं निदान तयार होतं: याला नोकरीचं टेन्शन आहे. तिसऱ्या दिवशी कोणीतरी शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाला नारळ फोडायला सुचवतं. साधकाने हे सगळं वाऱ्यासारखं अंगावरून जाऊ द्यावं. एखादा माणूस काहीच न करता उभा आहे हे आपल्या गावांना सहन होत नाही. पानटपरीसमोर तासभर उभं राहिलेलं चालतं, कारण तिथे काहीतरी चाललेलं असतं. चीगाँगची सगळी विद्या या एका सामाजिक अडचणीत अडकली आहे. गुडघे तर नंतर बळकट होतातच.

यावर एक तोडगा आहे. हातात मोबाईल धरून उभं राहावं. कोणी काही विचारत नाही. पण मग ची येत नाही, रील येतात.

गतीबद्दल. सगळ्या हालचाली सावकाश कराव्यात असं चिनी गुरू सांगतात, पण किती सावकाश ते सांगत नाहीत. खानदेशातल्या साधकाला हे सोपं आहे. पाचोऱ्याहून शेंदुर्णी, पहूर करत जामनेरला जाणारी आपली छोटी पीजे रेल्वे ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी तीच गती धरावी. छप्पन किलोमीटरचा तो रूळ अडीच फुटी होता आणि गाडी कुठेही पोचायची घाई असल्यासारखी कधी चालली नाही. २०२० साली टाळेबंदीत ती थांबली आणि नॅरोगेजची ती परत सुरू झाली नाही. नव्या पिढीच्या साधकांना हा मापदंड मिळणार नाही. त्यांनी वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावं.

एवढं जमलं की ‘आठ रेशमी तुकडे’ या नावाने प्रसिद्ध असलेला संच घ्यावा. नावावर जाऊ नका, साधा कवायतीचा क्रम आहे. बाराव्या शतकातल्या हुंग माय यांच्या लिखाणात त्याचा उल्लेख येतो, आणि २००३ साली चीनच्या क्रीडा खात्याने जे चार प्रकार प्रमाणित करून काढले त्यांत हा होता. करोनाच्या पहिल्या लाटेत वूहानच्या तात्पुरत्या रुग्णालयांत सौम्य लक्षणांचे रुग्ण खाटांच्या मधल्या जागेत हेच करत होते.

पहिल्या तुकड्यात दोन्ही हात गुंफून डोक्यावर न्यायचे आणि आभाळ पेलायचं. कापूस वेचून कंबर मोडलेल्या माणसाला हा फार मानवतो, हे मी गमतीने म्हणत नाही. दुसऱ्यात धनुष्य ओढायचं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. इथे शेजारच्या कोणावर नेम धरलाय असा गैरसमज होऊ शकतो, म्हणून तोंड भिंतीकडे ठेवावं. तिसऱ्यात एक हात वर, एक खाली. याने जठर आणि प्लीहा ठीक राहतात असं परंपरा सांगते. भरीत-पुरीचा बेत असेल त्या दिवशी हा तुकडा आधी करावा, नंतर तो जमत नाही. चौथ्यात मान वळवून मागे बघायचं. हा सराव पहूरच्या प्रत्येक मोटारसायकलस्वाराला आवश्यक आहे आणि एकही करत नाही.

पाचवा तुकडा खानदेशासाठी विशेष. घोड्यावर बसल्यासारखं खाली बसून डोकं आणि कंबर डुलवायची, म्हणजे हृदयातली आग बाहेर पडते. आपल्याकडे ही आग दोन प्रकारची. एक शेवभाजी, ठेचा आणि फौजदारी डाळीची. ती डुलून जात नाही, तिला ताक लागतं. दुसरी स्वभावाची. तिची नोंद एका चिन्यानेच करून ठेवली आहे. ह्युएन त्संग सातव्या शतकात, दुसऱ्या पुलकेशीच्या काळात, महाराष्ट्रात आला तेव्हा त्याने इथल्या लोकांबद्दल लिहिलं, की उपकाराची जाण ठेवतात, पण अपमान केलात तर बदला घेतल्याशिवाय राहत नाहीत, आणि बदला घ्यायच्या आधी शत्रूला कळवतात. लढाईला जाताना सैनिकांनाच काय, हत्तींनाही दारू पाजतात हेही त्याने लिहिलं. पूर्वेकडच्या डोंगरातल्या एका लेण्याचं वर्णन करून दारातल्या दगडी हत्तींबद्दल तो म्हणतो, की ते कधीकधी ओरडतात आणि जमीन हादरते, असं लोक सांगतात. अभ्यासक हे वर्णन अजिंठ्याचं मानतात. सोळाव्या लेण्याकडे चढताना ते हत्ती आजही दिसतात. तेव्हा चीनकडून आपल्या हृदयाच्या आगीचा दाखला चौदाशे वर्षांपूर्वी मिळालेला आहे, उपाय आता आला. डुलताना घाई नको. बांधाचा वाद तलाठ्याकडे प्रलंबित असेल तर हा तुकडा दुप्पट करावा.

सहावा पायाची बोटं धरण्याचा. ज्यांचं पोट मध्ये येतं त्यांनी बोटांचं नुसतं स्मरण करावं. सातव्यात मुठी आवळून डोळे वटारायचे. हा सरावाशिवाय येतो. आठवा मात्र फार सुंदर: टाचा उचलायच्या आणि धप्पकन खाली, सात वेळा, म्हणजे शंभर आजार पळतात. खालच्या मजल्यावर भाडेकरू असतील तर त्यांना पूर्वकल्पना द्यावी.

पाच प्राण्यांचा खेळ नावाचा आणखी एक प्रकार आहे: वाघ, हरीण, अस्वल, माकड, पक्षी. तो ह्वा त्वो नावाच्या वैद्याने साधारण अठराशे वर्षांपूर्वी घालून दिला. त्याचा शिष्य वू फू नव्वदी ओलांडून गेला तरी त्याचे दात आणि कान शाबूत होते, असं चिनी इतिहासात लिहिलं आहे. ह्वा त्वोचं मात्र तसं झालं नाही. त्साव त्साव या सत्ताधाऱ्याने डोकेदुखीसाठी त्याला कायमचा ठेवून घ्यायचं ठरवलं, हा बायको आजारी असल्याचं सांगून घरी बसला, आणि त्साव त्सावने त्याला तुरुंगात टाकून मारलं. पाच प्राण्यांच्या यादीत सरकारी माणूस नव्हता, ही त्या शास्त्रातली उणीव मानावी. पहूरच्या परिसरात वाघ आता नाही. वाघाऐवजी बिबट्या, हरणाऐवजी रोही असा फेरफार स्थानिक साधकाने करायला हरकत नाही. रोही होऊन शेतात शिरताना शेत स्वतःचंच आहे ना, ते बघावं.

श्वासाची कृती दोन वाक्यांत संपते. जीभ टाळूला हलकी लावावी, नाकाने श्वास घ्यावा, पोट पुढे येऊ द्यावं, सोडताना आत जाऊ द्यावं, आणि लक्ष बेंबीखाली तीन-चार बोटांवर ठेवावं. कोंडून धरू नये, ओढूनताणून मोठा करू नये. नवशिका इथेच चुकतो, कारण त्याला काहीतरी घडायला हवं असतं. पोटाने श्वास घेणं पाळण्यातल्या पोराला येतं. पुढे आपण पोट आत ओढून फोटो काढायला शिकतो आणि ते विसरतो. उपाशीपोटी करावं. खापरावरची पुरणपोळी खाऊन करू नये. तेव्हा सगळी ऊर्जा बेंबीच्या वर अडकते आणि साधक आडवा होतो.

सहा ध्वनींचा प्रकार आहे, श्वास सोडताना ‘श्यू’, ‘हऽ’, ‘हू’, ‘सी’, ‘छ्वे’, ‘शी’ असे आवाज काढायचे. ताओ हुंगचिंग या पंडिताच्या नावावर तो सांगतात. पहूरला हा प्रकार दारं-खिडक्या लावून करावा. ‘श्यू’ म्हटलं की गल्लीतली कुत्री उठतात.

आता गुरू. हे प्रकरण नीट वाचावं.

पहूरला चीगाँगचा गुरू नाही. मोबाईलवर शेकडो आहेत. त्यांतला जो पांढरे कपडे घालून धबधब्यासमोर उभा आहे त्याला वगळावं, धबधब्याच्या आवाजात सूचना ऐकू येत नाहीत. जो रोज त्याच आठ हालचाली दाखवतो, कंटाळवाणा आहे आणि गुडघ्याबद्दल तीनदा बजावतो, तो धरावा. शहरात हॉल घेऊन ‘ऊर्जा-संक्रमण शिबीर’ भरवणारे असतात. तिथे गुरू लांबून हात करतो आणि पुढच्या रांगेतले दोघे मागे पडतात. तुम्ही मधल्या रांगेत बसा आणि पडू नका. गुरू कसा बघतो ते पाहा.

चीनने हे सगळं भोगलं आहे. १९८० च्या दशकात तिथे चीगाँगची साथ आली. यान शिन नावाच्या गुरूने दूर बसून प्रयोगशाळेतल्या पाण्याची रेणुरचना बदलल्याचा दावा केला. छियन श्वेसेन यांच्यासारखा देशाच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचा जनक या ‘मानवी देहविज्ञाना’च्या मागे उभा राहिला. नव्वदच्या दशकात माणसं विश्वातली माहिती पकडायला डोक्यावर पातेली घालून बसली, त्याचे फोटो आहेत. आपल्याकडे असा पाण्याची रचना बदलणारा कोणी आला तर त्याने आधी नळाला पाणी आणून दाखवावं. त्याची रचना आपण सवडीने बदलू. अती साधना करून डोकं फिरल्याचे प्रकार इतके झाले, की १९९४ च्या अमेरिकन मानसोपचाराच्या संदर्भग्रंथात चीगाँगमुळे येणाऱ्या मानसिक विकृतीची स्वतंत्र नोंद झाली. १९९९ मध्ये चिनी सरकारने फालुन गाँग या चीगाँग पंथावर बंदी घातली आणि मग बाकीच्यांनाही क्रीडा खात्याच्या चौकटीत आणलं. म्हणून आजचं अधिकृत चीगाँग शाळेच्या पीटीसारखं दिसतं. मला ते फार आवडतं. पीटीत कोणी कोणाला ऊर्जा फेकत नाही.

आणि असले दावे तपासायची पद्धत तर खानदेशाच्याच अंगणातली. जगन्नाथ गणेश गुणे नावाचे शिक्षक अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत होते. मालसरच्या माधवदासजींकडून ते योग शिकले, पण गुरू सांगतो म्हणून पुरे, असं त्यांनी मानलं नाही. १९२० च्या सुमारास त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्या माणसाला बडोद्याच्या दवाखान्यात क्ष-किरण यंत्रापुढे उभं केलं आणि पोटात नेमकं काय होतं ते पाहिलं. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनाचं त्रैमासिक सुरू केलं. तेच स्वामी कुवलयानंद. शंभर वर्षांपूर्वी अमळनेरच्या मास्तरला जे सुचलं ते आज इंटरनेट हातात असलेल्याला सुचू नये? जो बोटांतून ची काढून दाखवतो त्याला एवढंच विचारावं: मोजून दाखवाल का? तो रागावला तर उठून यावं. तो रागावतोच. चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही जाता जाता कानावर घालावं.

मग मिळतं काय? साधकाची ही अपेक्षा रास्त आहे. तोल सुधारतो, ताई-चीसारख्या सावकाश हालचालींनी म्हाताऱ्यांचं पडणं कमी होतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. खांदे मोकळे होतात. झोप बरी लागते असं करणारे सांगतात. गुडघे वाकायला लागतात, म्हणजे पंगतीत मांडी घालून बसता येतं. वाघूरचं पाणी वाढत नाही, कापसाचा भाव वाढत नाही, हातातून ज्वाळा येत नाहीत. आणि साधारण पावसाळ्याच्या सुमारास, तुम्ही टिकलात तर, शेजारच्या गच्चीवरचा माणूसच विचारतो, ‘त्ये धनुष्याचं कसं करतात भो, दाखव बरं.’ त्याला दाखवावं. फी घेऊ नये. घेतली की तुम्ही गुरू झालात, आणि मग तो मागे पडतो का ते तुम्ही बघायला लागाल.

शेवटची सूचना, ही हसण्यावारी नेऊ नये. ज्यांना रक्तदाब, साखर किंवा हृदयाचं दुखणं आहे त्यांनी सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं आणि चालू असलेली एकही गोळी ‘आता ची आली’ म्हणून बंद करू नये. गर्भवतींनी आणि नुकतंच ऑपरेशन झालेल्यांनी आठव्या तुकड्यातल्या टाचा आपटू नयेत. बाकीच्यांनी उद्या पहाटे सुरू करायला हरकत नाही. प्रमाणपत्र मिळणार नाही.